शेजारी पांढरा टॉवेल

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी चिडणार नाही. मी जुना कॅमेराच आहे. पण डबडं म्हणाल तर ऐकून घेणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

मी खिशात मावतो, म्हणून लोक मला खेळणं समजतात. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण त्यांनी ऐकलेली नसावी. माझी काच मोठ्या कॅमेऱ्यांच्या तोडीची आहे. उजेड किती घ्यायचा, रंग कसा धरायचा, हे ठरवायला माझ्या डोक्यावर चकत्या आहेत. त्या आपल्या हातानं फिरवाव्या लागतात. ज्याला घाई आहे त्याचं माझ्याशी जमत नाही, आणि मलाही त्याची गरज नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरींच्या कारखान्यात गुरुराज मास्तर नक्षी काढतात. त्यांनी मला हौसेनं घेतलं. नव्या चादरीचा फोटो काढताना ते शेजारी एक धुतलेला पांढरा टॉवेल ठेवत आणि आधी तो मला दाखवत. पांढरं कशाला म्हणायचं ते एकदा कळलं की बाकीचे रंग मी चुकत नसे. गावोगावचे व्यापारी माझे फोटो पाहून माल मागवत. दहा वर्षांत एकही चादर रंगावरून परत आली नाही. ही बढाई नाही, झालं ते सांगतोय.

मग कारखान्याचे मालक चन्नवीर यांनी नवा फोन घेतला. "मास्तर, ते डबडं ठेवा की आता. फोनमध्ये लई झकास येतंय," ते म्हणाले. मी टेबलाच्या खणात गेलो, सुतळी आणि बोथट कात्र्यांच्या सोबतीला. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. झकास वेगळं आणि खरं वेगळं, हे मला ओरडून सांगायचं होतं.

या वर्षी लाल चादरींचा सगळा माल परत आला. फोटोत कुंकवासारखा लाल दिसला, हातात विटकरी आला, असं व्यापाऱ्यानं कळवलं. चन्नवीर तडक रंगखात्यात गेले. तिथे अक्कम्मा तीस वर्षं सूत रंगवते.

"अक्कम्मा, हात चुकला तुमचा. उद्यापासून येऊ नका."

अक्कम्मा रडली नाही. "रंग मोजून टाकलाय मालक, चुकलेला न्हाय," ती म्हणाली. "फोटो कसा काढलाय ते बघा की."

तिथेच उभ्या असलेल्या मास्तरांनी ते ऐकलं आणि येऊन मला खणातून काढलं. माझी बॅटरी संपली होती. ती चार्ज होईपर्यंतचा तास मला फार जड गेला. इतके दिवस पडून राहिल्यावर मी सुरूच झालो नसतो, तर अक्कम्माचं काम गेलं असतं. पण मी सुरू झालो. काच जरा कुरकुरत पुढे आली.

"जुना हाय तो," चन्नवीर म्हणाले. "मळकंच दाखवणार."

"मग दोन्हीनं काढा की. परत आलेली हीच चादर, हितंच," अक्कम्मा म्हणाली आणि तिनं स्वतःच्या हातानं शेजारी पांढरा टॉवेल ठेवला.

फोनमध्ये ती विटकरी चादर पुन्हा कुंकवासारखी लाल आली, आणि शेजारचा टॉवेल गुलाबी झाला. माझ्या फोटोत टॉवेल पांढरा होता आणि चादर होती तशीच होती. चन्नवीरांनी दोन्ही फोटो पाहिले, मग चादर पाहिली. शेवटी म्हणाले, "अक्कम्मा, लागा कामाला."

"लागते. पण पयलं व्यापाऱ्याला फोन लावा. चूक कुणाची ते माझ्यासमोर सांगा."

त्यांना सांगावं लागलं, तेही त्याच फोनवरून.

मित्रांनो, आता मी मास्तरांच्या टेबलावर असतो. ते मऊ फडक्यानं माझी काच पुसतात. मला जपा म्हणून मी तुमच्यापुढे हात पसरणार नाही. पुन्हा खणात टाकलंत तरी विटकरीला कुंकू म्हणणार नाही. मात्र एक ऐका. 'तुझा हात चुकला' असं कुणाला म्हणण्याआधी, शेजारी एक पांढरा टॉवेल ठेवून पाहा.