छज्ज्याखालचा पोचा

आमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला जुन्या पिकअप गाड्यांचं खूळ लागलं, तेव्हा आम्ही म्हटलं, लागू दे, घरात जरा कमी बोलतील. झालं उलटंच. जावईबापू दातांचे डॉक्टर. दाढ कोरता कोरता ते पेशंटला गाड्यांच्या गोष्टी ऐकवू लागले. तो बिचारा आ वासून ऐकायचा. दुसरं करणार काय?

त्यांची पिकअप पन्नास वर्षांची. एका प्लंबरच्या विधवेकडून घेतलेली. प्लंबरने तिच्या हौद्यातून जन्मभर पाइप वाहिले. जावईबापूंनी तिथे गालिचा अंथरला आणि गाडी फडक्याखाली झाकून ठेवली.

"कंपनीतून गाडी उघडीबोडकी निघते," ते सांगायचे. "तिला नटवायचा तो डीलर!" म्हणजे पुढच्या काचेवर पत्र्याचा छज्जा, बंपरला चकचकीत नळ्या, दारावर फिरता दिवा, मागच्या फाळक्यावर डीलरच्या नावाची पट्टी. हे सामान त्याच काळातलं आणि डीलरनेच बसवलेलं असलं, तर गाडीचा मान मोठा. त्यांच्या क्लबात शहाणीसुरती माणसं एका स्क्रूच्या डोक्यावरून तासतासभर हमरीतुमरीवर यायची.

आमचे बाबा ही गाडी विकणाऱ्या डीलरकडेच बावीस वर्षं फिटर होते. मागच्या शेडमध्ये हेच सामान ठोकायचे. पण लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सासरा काय काम करायचा, हे जावईबापूंनी कधी विचारलं नव्हतं. एकदा बाबांनी सहज फाळक्यावर बोट ठेवलं. "ही पट्टी मी लावलेली. हात भाजला होता तेव्हा, म्हणून वाकडी बसली."

झालं! जो माणूस सणासमारंभालाही सासऱ्याशी चार शब्द बोलत नव्हता, तो रोज यायला लागला. "बाबा, पाठीला उशी देऊ? बाबा, रिव्हेट कुठल्या मापाचे होते?" धाकटीलासुद्धा एवढी उशी कधी मिळाली नसेल.

मग प्रदर्शन आलं. मैदानात चाळीस गाड्या रांगेत, आणि आमच्या बाबांच्या खिशावर बिल्ला: 'मूळ फिटर'. मी सोबत होते. तीन परीक्षक पांढरे हातमोजे घालून, भिंग घेऊन फिरत होते. जणू गाडीला गोवर आला होता.

"हा छज्जा डीलरनेच बसवलाय?" मुख्य परीक्षकाने विचारलं.

"अर्थात," जावईबापू म्हणाले. "गिऱ्हाइकाने खास मागून घेतला. त्या काळातली साधी माणसंही काय रसिक होती बघा!"

"कोणी मागितला नव्हता," बाबा म्हणाले.

सगळे वळले.

"गाडी ट्रकवरून उतरवताना फळीवरून घसरली, टपाला खांब लागला. मालक म्हणाले, झाक. मी झाकलं. प्लंबरला सांगितलं, उन्हाची तिरीप लागणार नाही. वर छज्ज्याचे वेगळे पैसे घेतले."

जावईबापू हसले. परीक्षकाच्या कानाशी लागून, पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "वय झालंय. हल्ली गोंधळ होतो त्यांचा."

बाबांनी शेजारच्या गाडीवाल्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला.

"बाबा, रंग खरवडेल!" जावईबापू ओरडले.

बाबांनी आठही स्क्रू काढले. छज्जा माझ्या हातात दिला. खाली तळहाताएवढा पोचा, वर पुट्टी भरलेली, रंग एक छटा फिका. मी जावईबापूंच्या तोंडाकडे बघितलं. आता बरी जिरली, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू.

मुख्य परीक्षक भिंग घेऊन वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "अप्रतिम! डीलरने स्वतः झाकलेला अस्सल पोचा! कुठे बघायला मिळतो?"

पहिलं बक्षीस आमच्या गाडीला. जावईबापूंनी बाबांना मिठी मारली, फोटो निघाला. आठवड्याभरात छज्ज्याला बिजागऱ्या लागल्या. पाहुणे आले की झाकण उचलून पोचा दाखवायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी घराशी परत आल्यावर बाबा म्हणाले, "लबाडी केली म्हणून सांगितलं, तर टाळ्या वाजवतात. कसली माणसं ही!" दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून तयार. "प्लंबरच्या बाईकडे चल."

बाई दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. कपड्यांना इस्त्री करत होत्या. बाबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाईंचा हात थांबला नाही.

"ह्यांना चौथ्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "वाऱ्यात शिट्टी वाजायची म्हणून छज्जा काढून बघितला. गाडी घेऊन परत गेले तुमच्याकडे. मालक म्हणाला, आम्हाला काय ठाऊक, फिटरला विचारा. फिटर समोरच चाकाचे नट आवळत बसला होता. मान वर केली नाही त्याने. हे म्हणाले, गरिबाची नोकरी जाईल, जाऊ दे. आणि आले परत."

मी बाबांकडे पाहिलं. मैदानात त्यांनी एवढं मात्र सांगितलं नव्हतं.

"तो फिटर तुम्हीच का?" बाईंनी विचारलं.

"मीच."

बाईंनी इस्त्री उभी केली. बाबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पन्नास वर्षं लागली हो तुम्हाला मान वर करायला. तीसुद्धा बक्षीस मिळाल्यावर." त्यांनी पुढचा शर्ट घेतला. बसा म्हणाल्या नाहीत.

जिन्यात मला राग आवरेना. "एवढं लागेल असं बोलायची काय गरज होती त्यांना?"

"गप बस," बाबा म्हणाले. "कमीच बोलल्या."

रविवारी जावईबापूंचा फोन. दुसऱ्या क्लबाने बोलावलं होतं, खास फिटरला भेटायला. खुर्ची, हार, सगळी व्यवस्था. मी फोन बाबांकडे दिला.

"जावईबापू," बाबा शांतपणे म्हणाले, "त्यांना सांगा, फिटर त्या मालकापेक्षा बरा नव्हता. आणि तुमची ती बिजागरी करकरते म्हणतात, तिला तेल घाला." फोन ठेवला आणि ते भाजी निवडायला बसले.