रचना क्रमांक दोनमधली शांतता

शहाण्णव साली आम्ही सांगलीत इतिहास घडवला. म्हणजे पत्रिकेत तसं मीच छापून घेतलं होतं. आम्ही म्हणजे व्हायोलिनवर मी, सुमंत, साताऱ्याच्या शाळेत भूमिती शिकवणारा, आणि क्लॅरिनेटवर गोमटेश, सांगलीतला हळदीचा व्यापारी. आम्ही दोघं मिळून 'नवसंगीत' वाजवायचो. साताऱ्यात पहिला कार्यक्रम केला तेव्हा मोजकीच माणसं आली, त्यातही माझे दोन मेहुणे. या वेळी चित्रकार ज्ञानदाताईंनी सांगलीतलं आपलं चित्रदालन दिलं होतं. भिंतींवर त्यांची चित्रं, मधे आम्ही उभे, समोर फोल्डिंगच्या खुर्च्या.

मला मात्र एकाच श्रोत्याची काळजी होती. आबांची. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्त हवालदार. माझं वाजवणं त्यांनी कधीच शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मधेच उठायचे, "गाडी हाय" म्हणायचे आणि चालू लागायचे. साताऱ्याच्या कार्यक्रमातही त्यांना गाडी होती, आणि घर पलीकडच्या गल्लीत. आज ते सांगलीपर्यंत आले होते. त्यांनी शेवटपर्यंत थांबावं, एवढंच मला हवं होतं. चाळिशीतही माणसाला असलं काहीतरी हवं असतं, काय करणार.

अडचण मीच करून ठेवली होती. माझ्या 'रचना क्रमांक दोन'च्या मध्यावर चांगली लांबलचक शांतता होती.

"सुमंतराव, ही काढूया," गोमटेश म्हणाला होता. "लोक संपलं समजून उठतील."

"शांतता हाच रचनेचा आत्मा आहे," मी म्हणालो. असली वाक्यं मला झोपेतही सुचतात.

सुरुवात बरी झाली. माझी एक तार उतरली, पण ती नवसंगीतात खपून गेली. मग शांतता आली. आम्ही वाद्यं खाली घेतली, माना खाली घातल्या, डोळे मिटले. एक खुर्ची कुरकुरली. मी डोळा किलकिला केला. आबा उठून उभे होते. झालं, गाडी.

पण ते दाराकडे गेले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि ते ताठ सावधान उभे राहिले. ते पाहून शेजारचा उठला. मग रांगच्या रांग उठली. ज्ञानदाताईंनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली आणि पदर सावरून त्याही उभ्या राहिल्या. सगळं दालन श्रद्धांजली वाहत होतं. कुणाला, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आता काय?" गोमटेश कुजबुजला.

"वाजव."

उरलेली रचना लोकांनी उभ्यानेच ऐकली, कारण आबा बसेनात आणि त्यांच्या आधी बसायची कुणाची छाती होईना. शेवटी टाळ्याही पडल्या नाहीत. अशा वेळी कुणी वाजवत नाही.

लोक पांगल्यावर मी फणकाऱ्यानेच विचारलं, "आबा, कोण गेलं म्हणून उभे राहिलात?"

"मला काय ठावं?" आबा टोपी घालत म्हणाले. "तू वाजवायचा थांबलास, मान खाली घातलीस. म्हटलं, पोराचं जवळचं कुणी गेलं आसंल. तू उभा आन मी बसून कसं ऱ्हायचं?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"चला, गाडीवर सोडतो."

"गाडी कवाच गेली," आबा म्हणाले. "तुजी ती शांतता चालू व्हती, तवाच."