डार्लिंगकाठचा गोटा

माझी एक खोड आहे. नदीवर गेले की पाय धुवायचे आणि एक गोटा उचलून देवघरात आणायचा. नर्मदा, कृष्णा, गोदावरी, सगळ्याजणी परदेशातल्या सेंगकांगच्या या फ्लॅटमध्ये एका ताम्हनात सुखाने नांदतायत.

गेल्या महिन्यात माझा मुलगा अमेय आम्हाला ऑस्ट्रेलियात घेऊन गेला, डार्लिंग नदीकाठच्या एका जुन्या गावी. कधीकाळी तिथून वाफेच्या बोटी लोकर न्यायच्या. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती नदी तिथल्या बार्किंजी लोकांची. त्यांच्यातल्याच मार्लीन आंटींनी गाव दाखवलं. पूर्वजांनी होडीसाठी ज्याची साल सोलली ते झाड त्या दाखवत होत्या, तेवढ्यात मी हळूच पाण्यावर उतरले. तांबूस, चपटा गोटा मिळाला. टाकला पर्समध्ये!

तीन आठवडे त्याची पूजा केली. मग एका सकाळी माझी नऊ वर्षांची नात ऋता देवघरात डोकावली.

"आजी, हा तिथला? आंटी said cannot take lah! इथलं सगळं आमच्या पूर्वजांचं, खडासुद्धा नेऊ नका म्हणाल्या."

"अगं कार्टे, तेव्हाच नाही का सांगायचं!"

"तू खाली होतीस!"

देव म्हणून चोरीचा माल पुजत होते मी!

अमेय म्हणाला, "आई, दे टाकून इथल्याच पुंगोलच्या पाण्यात. कुणाला कळतंय?"

"तुझ्या बाबांच्या अस्थी कुणी उचलून नेल्या आणि भलत्याच पाण्यात टाकल्या, तर चालेल तुला?"

त्याने आंटींचा ईमेल पत्ता शोधून दिला. मग ऋताने आंटींना ईमेल लिहिली. एक शब्द लपवू दिला नाही मी तिला. चार दिवस उत्तर नाही, माझ्या घशाखाली घास उतरेना. त्यातून गोट्यावरचा हळदीकुंकवाचा डाग! घासून घासून बोटं दुखली, पण तो काही जाईना.

पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मी गोटा समोर धरला. आंटींनी विचारलं, हे पिवळं-लाल काय?

"आम्ही देवाला लावतो," मी म्हटलं आणि ऋता इंग्रजीत सांगत गेली. "रोज दुधापाण्याने न्हाऊ घालत होते. चुकले हो, माफ करा."

आणि आंटी हसल्या ना बाई!

"म्हणजे पाहुणचार छान झाला त्याचा. पण आता घरी पाठव. कुठे होता ते सांग, मी स्वतः नेऊन ठेवते."

दोन आठवड्यांनी फोटो आला. उथळ पाण्यात माझा गोटा, कडेला जरासं पिवळं अजून दिसत होतं. खाली लिहिलं होतं, 'पोचला. उरलेलं नदी धुवेल.'

मी फोनलाच नमस्कार केला. सुटले गं बाई! डोळे पुसले आणि वरणभाताचं ताट वाढून घेतलं.

ऋता शेजारी येऊन बसली. "आजी, next time तुझी पर्स मी धरणार."

"धर बाई, धर," मी म्हटलं आणि दुसऱ्यांदा भात घेतला.