पॉलिशचे सत्तावीस हात

कुलूपघराच्या मावशीसमोर कुणी "तुमचं ते संग्रहालय" म्हटलं की तिच्या कपाळावर आठी चढायची. संग्रहालयात वस्तू काचेमागे गुदमरून बसतात, असं तिचं ठाम मत. हे घर होतं. शंभर वर्षांपूर्वी इथे एक कुलूप करणारा राहायचा. सगळे त्याला थोरले म्हणायचे. त्या गृहस्थाने घरातल्या प्रत्येक दाराला, कपाटाला, पेटीला, इतकंच काय, पिठाच्या डब्यालासुद्धा वेगळं कुलूप करून बसवलं होतं. एकासारखं दुसरं नाही.

मावशी सत्तावीस वर्षं हे घर दाखवत होती, आणि दाखवणं म्हणजे लांबून नव्हे. "लावा हो हात, चावत नाही ते," असं म्हणत ती किल्ली पाहुण्याच्या मुठीत कोंबायची. कुणाला उघडता आलं नाही तर कमरेवर हात ठेवून मजा बघायची, आणि उघडलं की स्वतःच्या लेकराने बक्षीस मिळवल्यासारखी खूश व्हायची. गडबड फार झाली की जुडग्यातली एक जाड किल्ली टेबलावर ठकठक आपटायची. ती किल्ली घरातल्या एकाही कुलपाला लागत नव्हती, म्हणून मावशी तिला पोरकी म्हणायची आणि तिच्याकडून हे असलं हमालीचं काम करून घ्यायची.

आणि मग साथ आली. सगळं घर ज्या 'हात लावा'वर चालायचं, तेच नेमकं बंद. आठ महिने फाटकाला टाळं. मावशी परवानगीची चिठ्ठी दाखवून रोज यायची, झाडलोट करायची आणि कुलपांशी बोलून परत जायची. दुसरं बोलायला तरी कोण होतं? एकुलती एक लेक नर्स. ती साथीच्या वॉर्डात, राहायला तिथल्याच वसतिगृहात. महिन्यातून एकदा लेक फाटकाबाहेर उभी राहायची, मावशी आत, आणि दोघी मास्कमधून एकमेकींना ओरडून विचारायच्या, जेवलीस का नीट.

नवव्या महिन्यात समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे उंच, सज्जन आणि घाबरट माणूस. मास्क कायम नाकाखाली.

"मावशी, शहरातलं मोठं संग्रहालय कुलपं न्यायला तयार आहे. या महिन्यात आपल्याला उघडायची परवानगी मिळाली तर ठीक, नाहीतर समिती देऊन टाकणार. तिकडे काचेच्या कपाटात सुरक्षित राहतील."

"सुरक्षित!" मावशी कडाडली. "मला न्या उचलून आणि ठेवा काचेच्या कपाटात. बघू किती दिवस सुरक्षित राहते!"

पण फोन ठेवल्यावर ती पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसले. मग उठली आणि कामाला लागली, कारण रडायला आयुष्य पडलं होतं, परवानगीला एकच महिना होता.

तिने फरशीवर सहा-सहा फुटांवर पावलांची चित्रं चिकटवली. पुढच्या दाराने आत, स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर, असा एकेरी रस्ता आखला. फाटकाशी साबण आणि पाण्याची टाकी. सगळी कुलपं ती स्वतः उघडून दाखवणार, पाहुण्यांनी हात मागे बांधून बघायचं. हा नियम कागदावर लिहिताना तिला कोण यातना झाल्या! तरी लिहिला, आणि खाली दोनदा रेघ मारली.

सोमवारी आरोग्य खात्याची निरीक्षक आली. तरुण पोरगी, दोन मास्क, हातात मोजपट्टी. पावलं मोजली, टाकी बघितली, रस्ता बघून मान हलवली. मावशीचा ऊर भरून येत होता. मग दोघी मागच्या खोलीत गेल्या. ही थोरल्यांची कामाची खोली. ऐरण, कानशी, अर्धवट घासलेल्या किल्ल्या, सगळं जागच्या जागी. लोक मुळात यायचे ते या खोलीसाठी.

"ही खिडकी उघडा," निरीक्षक म्हणाली.

"ती नाही उघडत."

खिडकीला जाड लाकडी झडपा होत्या, त्यांवर आडवा लोखंडी अडसर, आणि अडसरावर तळहाताएवढं काळं कुलूप. खाली पाटी: 'थोरल्यांचे अपुरे राहिलेले कुलूप. कृपया हात लावू नये.' सगळ्या घरात हात न लावण्याची वस्तू ही एकच. आधीच्या रखवालदाराने मावशीला तसं सांगितलं होतं आणि तिने ते हजारोंना सांगितलं होतं. तिची लेक लहान असताना शाळा सुटली की इथेच यायची आणि रोज दप्तर टाकत विचारायची, "आई, हे कुलूप उघडतं का गं?" मावशी रोज म्हणायची, "नाही गं बाई. ते तसंच राहिलं."

"मग ही खोली बंद ठेवावी लागेल," निरीक्षक म्हणाली. "एकच दार, हवा खेळतच नाही. मावशी, मला वाईट वाटतंय, पण इथे मी एकाही माणसाला उभं राहू देणार नाही. गुरुवारी दहाला परत येते. बघा काही जमतंय का."

ही खोली बंद म्हणजे घर बंद, हे अध्यक्षांनाही कळत होतं. निरोप मिळताच ते धावत आले आणि म्हणाले, "तोडून टाकू. माझ्या ओळखीचा एक कटरवाला आहे."

"कुलूपवाल्याच्या घरात कुलूप तोडायचं?" मावशी म्हणाली. "आणि मग लोकांना काय दाखवायचं, तुमचा कटर?"

"मग बिजागऱ्या काढू."

"त्या भिंतीत चिणल्या आहेत. भिंत पाडता का? आणि मास्क वर घ्या आधी."

मंगळवारी मावशीने बाजारातल्या किल्लीवाल्याला बोलावलं. त्याने बॅटरी मारली, तारा घातल्या, कान लावला. तासाभराने पाठ सरळ करत म्हणाला, "मावशी, या भोकात काहीच नाही. नुसता देखावा आहे. कारागिराने पुढे काम केलंच नसणार." म्हणजे पाटी खरी ठरली. अध्यक्षांनी कटरवाल्याला गुरुवारी सकाळी नऊची वेळ दिली, आणि मावशीला त्या दिवशी घास गोड लागला नाही.

बुधवारी ती लवकर आली. उद्या तोडायचंच असेल तर निदान स्वच्छ तरी जाऊ दे बिचारं, असं मनात म्हणत तिने फडकं घेतलं. सारखं डोळ्यांत पाणी. त्या तंद्रीत तिने साबणाच्या पाण्याऐवजी हातावर चोळायच्या स्पिरिटची बाटली उचलली आणि कुलपावर सढळ हाताने ओतली. पुसून बघते तर काय, फडकं चिकट तपकिरी झालेलं आणि कुलपावर पांढरे डाग!

घाबरून तिने लेकीला फोन लावून घडलेलं सांगितलं.

"आई! स्पिरिट हातांना सांगितलं होतं मी. वस्तूंना साबणाचं पाणी! त्या कुलपाला लाखेचं पॉलिश आहे ना? स्पिरिटने ते विरघळणारच. कुणी लावलं होतं एवढं?"

कुणी म्हणजे? मावशीनेच. दरवर्षी समितीची सभा असली की आदल्या दिवशी घरातल्या वस्तूंना पॉलिशचा एक हात मारायचा रिवाज होता. बाकी कुलपांचं पॉलिश लोकांच्या बोटांनी चार महिन्यांत निघून जायचं. याला कुणी हात लावत नसे, म्हणून याचं टिकायचं, आणि त्यावर मावशी पुढच्या वर्षी आणखी एक हात मारायची. लाडकं म्हणून याच्यावर सगळ्यांत जास्त माया. सत्तावीस वर्षांचे सत्तावीस हात.

"आता सगळं नीट पुसून काढ," लेक म्हणाली. "अर्धवट ठेवलंस तर आणखी खराब दिसेल. आणि खिडकी उघडत नाही, म्हणून दार उघडं ठेव, वास डोक्यात जाईल."

मावशी पुसत बसली. थर निघत गेले. खालून लोखंड दिसलं, मग बारीक नक्षी, मग चार कोपऱ्यांत चार खिळ्यांची गोल डोकी. तीन गप्प बसली होती. चौथं फडक्याबरोबर जरासं फिरलं.

मावशीचा हात थांबला. सत्तावीस वर्षं तिने लोकांच्या बोटांखाली कुलपं उघडताना बघितली होती. सैल झालेला खिळा कसा फिरतो आणि मुद्दाम फिरता ठेवलेला कसा फिरतो, यातला फरक तिला झोपेतही कळला असता.

"आई? काय झालं? बोल ना."

"गप जरा."

तिने अंगठ्याने खिळा फिरवला. अडला. आणखी स्पिरिट, आणखी थोडं. पाव फेरा, अर्धा फेरा, आणि कुलपाच्या पोटावरची नक्षीची एक पट्टी पुढे सरकली. तिच्यामागे दुसरं भोक होतं. खरं भोक. जाड किल्लीचं.

घरातली कुठली किल्ली कुठल्या भोकाची, हे मावशीला तोंडपाठ. आणि एवढी जाड किल्ली या घरात एकच होती, टेबलावर ठोकून ठोकून जिचं टोक गुळगुळीत झालं होतं ती. तिने जुडगं काढलं. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदा पोरकी सरळ आत गेली, आणि थोरल्यांचं कुलूप एकदाच खट्ट करून उघडलं.

फोनवरून लेकीने तो आवाज ऐकला.  मग मावशी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "मीच गं, मीच बुजवून ठेवलं होतं त्याला! मीच!"

गुरुवारी नऊ वाजता अध्यक्ष कटरवाल्याला घेऊन आले. मावशीने दोघांना फाटकाशीच सहा फुटांवर उभं केलं आणि दहा वाजेपर्यंत तसंच ताटकळत ठेवलं. निरीक्षक आल्यावर सगळ्यांना मागच्या खोलीच्या दाराशी नेलं, खिळा फिरवला, पट्टी सरकवली, किल्ली घातली, अडसर उचलला आणि झडपा सताड उघडल्या. ऐरणीवर ऊन पडलं. निरीक्षक पोरीने पिशवीतून कागदाची पातळ पट्टी काढून खोलीच्या मधोमध धरली. पट्टी दाराच्या दिशेने फडफडायला लागली.

"एका वेळी चार माणसं," ती म्हणाली आणि कागदावर सही केली. मग पेन खिशात ठेवत हळूच म्हणाली, "मावशी, एकदा परत उघडून दाखवता? आता कामासाठी नाही."

कटरवालाही पुढे सरकला. म्हणाला, "बरं झालं मला थांबवलंत. हे कापलं असतं तर माझ्या हाताने मला माफ केलं नसतं." अध्यक्षांनी नाक शिंकरण्याच्या निमित्ताने डोळे पुसले आणि मास्क, न सांगता, नाकावर चढवला. मोठ्या संग्रहालयाला नकाराचं पत्र त्याच दुपारी गेलं.

रविवारी फाटक उघडलं. मावशीने नवी पाटी लिहिली नव्हती. जुनी काढून टाकली होती, एवढंच. सत्तावीस वर्षं आपण चुकीचं सांगितलं, हे ती प्रत्येकाला तोंडानेच सांगणार होती, आणि सांगायला तिला मुळीच लाज वाटत नव्हती. चुकलो ते आपण, दुरुस्त केलं तेही आपणच.

पहिल्या चौघांत एक बाई होती. वाळलेली, डोळ्यांखाली काळं, नाकावर मास्कच्या घट्ट कडांचे व्रण. चौदा दिवस वेगळी राहून, तपासणी करून ती आली होती. फाटकाशी तिने मावशीपेक्षाही जास्त वेळ साबणाने हात धुतले. पावलांच्या चित्रांवर नीट पावलं ठेवत ती मागच्या खोलीपर्यंत आली. खिडकी तेव्हा मावशीने मुद्दाम मिनिटभर बंद ठेवली होती. बाई कुलपासमोर थांबली, हात पाठीमागे बांधले आणि लहानपणी दप्तर टाकत विचारायची तसंच विचारलं.

"आई, हे कुलूप उघडतं का गं?"

 बाकीचे तिघे बघत होते. तिने पदर खोचला, जुडग्यातली जाड किल्ली बोटांत धरली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उघडतं. बघ."