एकतिसाव्या पानावरचा शब्द

मी एक दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची वही आहे, आणि मला भीती वाटते. वह्यांना भिजण्याची अथवा रद्दीत जाण्याची भीती असते, असे लोक समजतात. माझी भीती निराळी आहे. ती माझ्या एकतिसाव्या पानावर पाच इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आहे.

१९९७ साली सिकंदर पेंटर यांनी मला शाहूपुरीतल्या एका दुकानातून घरी नेले. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा व्यवसाय. शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. परंतु इंग्रजी अक्षराचे वळण असे, की छापील अक्षराने लाजावे. त्यांची मुलगी आफशीन शाळेत सोंगट्यांचा शब्दखेळ शिकली होती. प्रत्येक सोंगटीवर एक इंग्रजी अक्षर व त्याचे गुण: ई, आर, ओ यांना एकेक, एक्सला आठ, झेडला दहा. तेव्हा अशी दुर्मीळ अक्षरे असलेले शब्द शोधून माझ्यात टिपण्याचा नेम बापलेकींनी धरला. औषधाच्या बाटल्या, खोक्यांवरचा मजकूर, दवाखान्यांचे फलक, त्यांनी काहीही सोडले नाही. झिंक, टॅक्सी, क्विनाइन, एक्झिट... माझी पाने भरत गेली.

एके दिवशी सिकंदर हातावरचा रंगही न धुता माझ्यापाशी बसले.

"आफू, ह्यो बघ. झेड बी हाय, एक्स बी हाय. सोन्यासारखा शब्द!"

"अब्बा, कुठनं आणला?"

"आणतोय कुठनं? मीच रंगवलाय की! शाहूपुरीत अकरा दुकानांवर हाय."

आणि त्यांनी एकतिसाव्या पानावर सुबक अक्षरांत 'झेरॉक्स' लिहिला: झेड, ई, आर, ओ, एक्स. मराठीत तो 'झ'ने लिहितात, तेव्हा इंग्रजीत झेडनेच असणार, हा त्यांचा सरळ हिशेब.

पुढे आफशीनने वाचनालयातून एक जाड शब्दकोश आणला. चार दिवस मी त्याच्यावर पडून होते. तो मोठा करारी होता. म्हणाला, "बाई, तुमच्या एकतिसाव्या पानावरचा शब्द माझ्यात नाही. तो एक्सने सुरू होतो आणि एक्सनेच संपतो." त्या क्षणापासून माझ्या शिवणीत धडकी भरली. मला माणसांशी बोलता येत नव्हते. पान फाडून टाकावे, तर मला हातही नव्हते.

२००१ साली राजारामपुरीतल्या एका सभागृहात आंतरशालेय स्पर्धा झाली. नियम कडक होता: पंच प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहत, तो चुकीचा ठरला, की भर सभेत पुकारून बाद करत. आफशीन अंतिम फेरीत पोहोचली. सिकंदर मला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसले होते.

शेवटचा डाव आला. आफशीन चौदा गुणांनी मागे होती. पटावर एक ई मोकळा होता आणि तिच्या हातात उरल्या होत्या चार सोंगट्या: आर, एक्स, ओ, झेड.

सिकंदरांची बोटे माझ्या पुठ्ठ्यात रुतली. मला दरदरून घाम फुटला असता, पण कागदाला घाम येत नाही. वडिलांचा शब्द ती मांडणार, पंच तो पुकारणार, आणि ज्याने तो लिहिला त्याच्याकडे सारे सभागृह वळून पाहणार!

तिने झेड मांडला. आर मांडला. ओ मांडला. एक्स मात्र हातातच ठेवला.

"अगं, एक्स ऱ्हायला की!" सिकंदर ओरडले.

"अब्बा, थांबा," ती मागे न पाहता म्हणाली.

'झिरो'चे तेरा गुण झाले. ती एका गुणाने हरली.

मुली चहाला गेल्या, तेव्हा सिकंदर मला काखेत धरून पंचांच्या टेबलापाशी गेले. रंगाने माखलेले बोट त्यांनी तिथल्या शब्दकोशातल्या झेडच्या पानावरून खाली नेले, वर नेले, पुन्हा खाली नेले. मग एक्सचे पान उघडले. तिथे ते बोट थांबले.

बाहेर येऊन ते एवढेच म्हणाले, "चला आफू, भूक लागली."

पुढील दोन महिने मी त्यांच्या रंगाच्या पिशवीत फिरले. एकेका दुकानासमोर ते शिडी लावत आणि पाटीचे पहिलेच अक्षर बदलत.

"काय पेंटर, चांगला बोर्ड कशाला खराब करताय?" दुकानदार केरबा म्हणाला.

"रंग उडालाय."

"कुठं उडालाय? मला तर दिसंना."

"मला दिसतोय की."

अकराही पाट्या बदलल्या. माझे पान तेवढे तसेच राहिले. तेव्हा मला आठवले, शब्दकोश घरी होता त्या चार दिवसांत आफशीनचे बोटही एकतिसाव्या पानावर फार वेळ थांबले होते.

आज २००९ साल आहे. पाट्या आता छापून येतात. सिकंदरांचा हात थरथरतो. आफशीन आजऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. सुट्टीत ती आली, की दोघे मला वाचतात, आणि तिसाव्या पानानंतर थेट तेहेतिसावे उलटतात. त्या वेळी दोघेही एकमेकांकडे पाहत नाहीत. मी मात्र प्रत्येक वेळी थरथरते: आज कुणी एक बोलून तर जाणार नाही ना?

उद्या ती मला तिच्या वर्गात दाखवायला नेणार आहे. चाळीस मुली, चाळीस तीक्ष्ण नजरा! मुलींनो, तुम्हाला चूक सापडेल. ती सापडावी एवढे इंग्रजी तुम्हाला बाई शिकवतीलच. पण हातातली लाल शाई खाली ठेवा. ज्या दोघांना तो शब्द खोडता आला असता, त्यांनी तो खोडलेला नाही.