अर्जदार माहेरी गेली

याआधीच्या तिन्ही खेपांना रंगुबाई साताऱ्याच्या त्या ऑफिसाबाहेर पायरीवर नातवाला घेऊन बसली होती. आत लेक आणि सून जायचे, तोंडं पाडून बाहेर यायचे, आणि मग वडूजच्या एसटीत कोणी कोणाशी बोलायचं नाही. चौथ्या खेपेला मात्र तिनं पदर खोचला, नातवाला काखोटीला मारलं आणि सगळ्यांच्या आधी आत शिरली. शिपाई म्हणाला, आजी, दोघांनाच बोलावलंय. रंगुबाई म्हणाली, मग तू बाहेर थांब.

प्रकरण तसं साधं होतं, म्हणजे ऑफिसाबाहेरच्या माणसाला साधं. रंगुबाई आणि धुळा ही वडूजकडची मेंढरामागची माणसं. त्यांचा विश्वजित शेतकी शिकला आणि गुलाबाच्या शेतीवर नोकरीला थेट केनियात गेला. तिथं एका मोठ्या तळ्याकाठी फुलांची शेडंच्या शेडं आहेत, आणि त्यातल्या एका शेडात फुलांची प्रतवारी बघणारी वांजिरू त्याला भेटली. लग्न करून, त्याची रीतसर नोंद करून तो तिला गावी घेऊन आला आणि वडूजजवळच पॉलिहाऊस टाकून बसला. गावाला वांजिरू म्हणायचा कंटाळा, म्हणून गावानं तिला अंजिरा करून टाकलं.

आता गाव म्हटल्यावर बोलणारच. शेजारची साळूबाई तर पहिल्याच दिवशी तोंडाला पदर लावून म्हणाली होती, की सून रंगानं आपल्या शेरडांत खपून जाईल. रंगुबाईनं तिला तिथल्या तिथं झाडली होती. पण मनातून तीही धास्तावलेली होती, हे खोटं कशाला बोला. ती धास्ती गेली फोनवर विहीणबाई दिसल्या तेव्हा. विहीणबाईंच्या मागं दावणीला शेरडं बांधलेली होती आणि बोलता बोलता त्यांनी एकीचा कान धरून तोंड उघडून दात बघितले. रंगुबाईनं धुळाला ढोसलं आणि म्हणाली, बघा, आपल्यातलीच हायत.

तर अशा या सुनेला कायम इथं राहायचं तर एक कार्ड लागतं. लग्न होऊन दोन वर्षं सरली की ते मिळतं, असं विश्वजितला कळलं होतं. तोवर दर वर्षी साताऱ्याच्या या परदेशी माणसांच्या ऑफिसातून राहायची मुदत वाढवून घ्यायची. यंदाची मुदत श्रावणाबरोबर संपत होती. कार्ड नाही आणि मुदतही नाही, असं झालं तर अंजिराला पोराला घेऊन देश सोडावा लागणार होता. पोरालाही, कारण ते जन्मलं तिकडं आणि परत येताना त्याला तिकडचाच पासपोर्ट चटकन मिळाला होता. बिरोबाच्या नावावरनं बिरदेव नाव ठेवलेलं, धुळाचं नाक घेऊन आलेलं ते पोर कागदावर परदेशी नागरिक होतं.

आणि ते तिकडं जन्मलं ते रंगुबाईमुळं.

अंजिराला दिवस गेले तेव्हा ती सरळ म्हणाली होती, की आमच्याकडं असं काही नसतं, मी इथंच राहते. विश्वजितही म्हणाला, वडूजला चांगले डॉक्टर आहेत. पण रंगुबाई हट्टाला पेटली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात तिला वाकडं-तिकडं काही चालणार नव्हतं. एक तर साळूबाई गावभर विचारत होती, की पोरीला माहेर हाय का न्हाई. आणि दुसरं, जे रंगुबाई कोणाला बोलली नाही, ते तिचं स्वतःचं. तिचं पहिलं बाळंतपण मेंढरामागं वाटेत झालं होतं. कोणाच्या तरी उसाच्या खोडव्याच्या रानात, चार घोंगड्यांच्या आडोशाला. माहेराहून भाऊ न्यायला निघाला होता, पण कळप कोणासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी पोर पाठीला बांधून ती पुन्हा चालायला लागली होती. आईच्या हातचं एक वाटी डिंकाचं खीर-पाणी तिला त्या वेळी मिळालं नाही, ते आजवर सलत होतं. आपल्या सुनेला तरी ते मिळायचंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

म्हणून सातव्या महिन्यात चोळी करून, विमानतळाच्या दारात ओटी भरून तिनं सुनेला माहेरी धाडलं. विश्वजित पोचवून आला. अंजिरा परत आली ती पोराला घेऊन, अंगानं भरून, चेहऱ्यावर तकाकी घेऊन. आल्या आल्या तिनं पिशवीतून आईनं दिलेली शेंगांच्या कुटाची पुडी काढली आणि सासूच्या हातावर ठेवली. रंगुबाईला वाटलं, चला, एक रीत नीट पार पडली. साळूबाईचं तोंड बंद झालं.

ती रीत या ऑफिसात येऊन अशी आडवी पडेल, हे कोणाच्या स्वप्नात होतं?

साहेब आज खुशीत होते. टेबलावर कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडा होता, आणि शिपाई आल्या-गेल्याच्या हातावर पेढा ठेवत होता. साहेबांना मुलगा झाला होता. रंगुबाईनं पेढा घेतला, आणि बायामाणसं विचारतात तसं विचारलं, की बाळ-बाळंतीण खुशाल हायत न्हवं? साहेब हसले. म्हणाले, खुशाल आहेत, कराडला तिच्या माहेरी आहेत, सातव्या महिन्यातच पाठवलं होतं, आता बाळ जरा मान धरायला लागलं की आणायचं. घर खायला उठतंय म्हणाले. मेसचा डबा खाऊन कंटाळलोय म्हणाले. रंगुबाईला माणूस बरा वाटला.

मग त्यांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा बदलला. पेढा वाटणारा माणूस कुठं गेला कोण जाणे. ते विश्वजितशी बोलायला लागले, तेही त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघत. अंजिराकडं तर त्यांनी एकदाही बघितलं नाही. ती जणू काही त्या फाइलीतलाच एक कागद होती. त्यांचं म्हणणं असं, की नियमात सलग सहजीवन पाहिजे, आणि या बाई लग्नाला वर्ष व्हायच्या आत देश सोडून गेल्या, त्या सात महिने आल्याच नाहीत. विश्वजित हळू आवाजात म्हणाला, सर, बाळंतपणासाठी गेली होती, तसं अर्जात लिहिलंय.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"लिहिलंय हो. पण का गेल्या? आपल्याकडं दवाखाने नाहीत का? लग्न खरं असेल तर बाई इतके महिने नवऱ्याला सोडून राहील कशाला? अशी कागदासाठी केलेली लग्नं आम्ही रोज बघतो."

विश्वजित एवढा शिकलेला, परदेशात माणसं हाताखाली वागवलेला पोरगा, पण खुर्चीपुढं उभा राहिला की त्याचं मेंढरू व्हायचं. रंगुबाईच्या मस्तकात तिडीक उठली. राग साहेबाचा होताच, पण लेकाचाही होता. त्याच्या लग्नाला तोंडावर खोटं म्हटलं आणि हा फाइलीचा बंद बोटाला गुंडाळत बसला. टेबलाच्या कडेला क्रांती नावाची क्लार्क टाइप करत होती, तिची बोटंही थांबली होती. अंजिरा मात्र ताठ उभी होती. तिला मराठी येत नाही असं साहेबांना वाटत असावं. तिला सगळं कळत होतं, कारण तिला मराठी रंगुबाईनं शिकवली होती.

रंगुबाईनं नातवाला सुनेच्या हातात दिलं आणि टेबलाला खेटून उभी राहिली. पेढा तिच्या मुठीत तसाच होता.

"साह्यब, एक इचारू? तुमच्या मालकीणबाई कुटं हायत म्हणालासा?"

"कराडला. आत्ताच सांगितलं की."

"सातव्या म्हैन्यात गेल्या?"

"हो."

"का गेल्या? साताऱ्यात दवाखानं न्हाईत व्हय?"

क्रांतीनं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. शिपाई बॉक्सचं झाकण लावायला लागला, उगीचच.

"आन् एवढं म्हैनं त्या तुमाला सोडून ऱ्हायल्या," रंगुबाई म्हणाली. "मग त्या नांदत न्हाईत म्हणायचं. त्यांचाबी कागुद करा की तसा."

साहेब कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, आजी, हे वैयक्तिक होतंय, आणि कराड काही परदेश नाही. रंगुबाईला हेच पाहिजे होतं.

"माहेर जितं आसंल तितंच जावं लागतंय, साह्यब. तिचं कराडला असतं तर म्या यष्टीनं धाडली असती. पोरगी म्हणत हुती, मी न्हाई जात. म्याच धाडली. तुमच्या आईनं तुमच्या मालकिणीला धाडली, तशी म्या माझ्या सुनंला धाडली. तुमची ती रीत आन् आमचं ते खोटं लगीन, आसं कसं?"

विश्वजित कुजबुजला, आई, गप. रंगुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढचं गिळून बसला. गप राहून तीन खेपा झाल्या होत्या. गप राहून काय मिळालं होतं, तर पायरीवरची जागा.

साहेब बराच वेळ फाइलीची पानं उलटत राहिले, आणि त्यात नवीन काही सापडत नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी ते जरा खालच्या पट्टीत बोलायला लागले. लग्न खोटं असा शेरा ते मारणार नाहीत. वर्षभराची मुदत वाढवायची शिफारस करतील, बाईंची आणि बाळाचीही, म्हणजे आत्ता कोणाला कुठं जावं लागणार नाही. पण कार्डाचं त्यांच्या हातात नाही. नियमात रीत वगैरे लिहायला जागा नाही. दोन वर्षांची मोजणी बाई परत आल्या त्या दिवसापासून नव्यानं धरायची, आणि ती पुरी होईपर्यंत त्यांनी देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की मोजणी परत पहिल्यापासून.

विश्वजितनं हात जोडले. थँक यू सर, थँक यू सर, असं तो दोनदा म्हणाला. त्याच्या लेखी काम झालं होतं. बायको राहिली, पोर राहिलं. खरं तर रंगुबाईच्याही छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता.

तेवढ्यात अंजिरा पुढं आली आणि तिनं सासूच्या दंडाला धरलं.

"चला आत्या," ती म्हणाली. "मी न्हाई जात आता कुटं."

जेवताना दुसरी भाकरी नको म्हणावी, इतक्या सहज ती हे म्हणाली. पण रंगुबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं. पंचमीला गावातल्या पोरी माहेरी येतात तेव्हा ही दारात उभी राहून बघत असते. हिची आई फोनवर रोज नातवाला हाका मारते. परवाच गुडघ्यानं धरलंय म्हणत होती, शेरडांमागं चालवत नाही. त्या आईचं उद्या बरंवाईट झालं तरी हिनं जायचं नाही, कारण मोजणी मोडेल. सासरी राहायचा परवाना पाहिजे तर माहेर तोडा, असं या माणसानं पेढ्याच्या बॉक्समागं बसून सांगितलं होतं, आणि आपल्या लेकानं त्याला हात जोडले होते. आपण मेंढरामागं माहेर गमावलं ते कळपापायी. कळपाला काही कळत नव्हतं. या माणसाला कळत होतं.

रंगुबाईचा मघाचा राग तोंडावाटे निघून गेला होता, हा निघेना. शिव्या तिला येत होत्या, चांगल्या पोटभर येत होत्या, पण त्या देऊन सून माहेरी पोचणार नव्हती. विश्वजित दारापर्यंत गेला होता. तिनं त्याला मागं बोलावलं. मग साहेबांसमोरची खुर्ची तिनं ओढली, तिच्यावर बसली, आणि पोर पुन्हा मांडीवर घेतलं.

साहेब म्हणाले, आजी, झालं तुमचं काम.

रंगुबाईनं मूठ उघडली. पेढा पार चेपून गेला होता. तिनं तो तोंडात टाकला आणि चावून चावून खाल्ला. लेकराच्या जन्माचा पेढा टाकू नये, त्यात लेकराचा काय दोष.

"लेकराला औक्ष लाभू दे," ती म्हणाली. "आता लिवून घ्या. पोरगी माहेरी जायाची न्हाई म्हणता, तर तिची आई हितं आणायला कुटला कागुद लागतुया, त्यो काडा."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. क्रांतीनं मशीनमध्ये कोरा कागद घातला आणि अंजिराला विचारलं, ताई, आईचं नाव काय?