इल्देबाईंचं सामान

व्हेनिसच्या स्टेशनाबाहेरच्या पायऱ्यांवर उभं राहून कोर्नेलने समोरच्या गर्दीकडे असं पाहिलं, की जणू ही सगळी माणसं त्याच्या घरात न विचारता शिरली होती. त्यांच्या पाठीवर होती तशीच पिशवी त्याच्याही पाठीवर होती. त्यांच्या नाकाचं कातडं उन्हाने सोललं होतं, तसंच त्याच्याही नाकाचं सोललं होतं. पण त्याच्या हिशेबी ते पर्यटक होते आणि तो प्रवासी.

"मेंढरं," तो म्हणाला. "सगळी एकाच दिशेला चाललीत बघ."

"कारण पूल तिकडे आहे," याग्ना म्हणाली.

कोर्नेल हसला. समजूतदारपणे हसायची त्याची एक खास तऱ्हा होती आणि एकोणीस दिवसांत ती याग्नाच्या डोक्यात गेली होती.

एका महिन्याचा रेल्वेपास काढून तिघं पोलंडमधल्या वूचहून निघाली होती. वूच म्हणजे होडी, आणि त्या गावाच्या नद्या कारखान्यांखाली कधीच गाडल्या गेलेल्या. "आम्ही होडी गावचे, पण आमच्याकडे पाणी नाही," हा विनोद कोर्नेलने व्हिएन्नात केला, ब्रूजमध्ये केला, मिलानच्या स्टेशनात एका सफाई कामगारालाही ऐकवला. ब्रूजमध्ये तर चॉकलेटच्या दुकानाबाहेर उभं राहून त्याने आत जाणाऱ्यांची अर्धा तास कीव केली आणि मग ओतिलियाने आणलेल्या पुड्यातली निम्मी चॉकलेटं खाल्ली. तो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होता. ओतिलिया त्याच्यावर जीव टाकत होती. आणि याग्ना, ओतिलियाची शाळेपासूनची मैत्रीण, "तू नसलीस तर आम्ही दोघं भांडून मरू गं" या एका वाक्यावर आली होती. रुग्णालयात लकवा झालेल्या माणसांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं हे तिचं काम. या रजेसाठी तिने दोन वर्षं सणासुदीच्या पाळ्या केल्या होत्या.

व्हेनिससाठी कोर्नेलचा नियम ठरलेला होता. नकाशा नाही. मोठा चौक नाही. घंटाघर नाही.

"आपण एखादा खरा माणूस शोधायचा आणि तो जाईल तिकडे जायचं," तो म्हणाला. "बस्स. तो जिथे खातो तिथे खायचं, तो जिथे थांबतो तिथे थांबायचं. खरं व्हेनिस असंच सापडतं."

"आणि हे सगळे खोटे?" याग्नाने गर्दीकडे बोट दाखवलं.

"याग्ना, प्लीज. तुझं नेहमीचं नको."

खरा माणूस वीस मिनिटांत सापडला. सत्तरीपुढची एक बाई, निळ्या फुलांचा बिनबाह्यांचा झगा, पायात रबरी सपाता, हातात चौकड्यांची चाकांची बाजारपिशवी. औषधांच्या दुकानातून बाहेर पडून ती कुणाकडेही न पाहता गर्दीतून अशी निघाली, की लोक आपोआप बाजूला झाले.

"हीच," कोर्नेल कुजबुजला.

ते तिच्या मागे निघाले. अंतर ठेवून, तिघं, ढुंगणापर्यंत लोंबणाऱ्या पिशव्या घेऊन. कुणी त्यांना पाहिलं असतं तर हसून हसून मेलं असतं. बाई पावाच्या दुकानात शिरली की हे बाहेर थांबत आणि भिंतीवरचे पोपडे निरखत. ती पुलावर चढू लागली की तिची पिशवी पायरीपायरीवर धप्प धप्प आपटे, आणि कोर्नेल मागून मोबाइलवर ते टिपे. "आवाज ऐक! काय आवाज आहे!" असे तीन पूल झाले. तिन्ही पुलांवर याग्नाच्या मनात आलं, की दोन ढांगांत पुढे व्हावं आणि ती पिशवी उचलावी. तिन्ही वेळा ती मागेच राहिली, आणि कोर्नेलला मनातल्या मनात शिव्या घालण्यात तिने समाधान मानलं.

चौथी गल्ली सरळ पाण्यात संपली. शेवटची पायरी शेवाळाने हिरवीगार, त्यापुढे कालवा. बाई उजवीकडच्या दारापाशी थांबली, किल्ली काढली, आणि मागे वळली.

"चोर असाल तर उशीर केलात," ती म्हणाली. "किमती सगळं काल गेलं."

कोर्नेल दात काढून उभा राहिला. "काय म्हणतेय? तिला सांग, आम्हाला ती कशी जगते ते बघायचंय."

याग्नाने शब्दालाही धक्का न लावता ते इटालियनमध्ये सांगितलं. "सिन्योरा, तुम्ही कशा जगता ते याला बघायचंय."

बाईने कोर्नेलला नखशिखान्त न्याहाळलं. बाजारात शिळा मासा न्याहाळतात तसं.

"हा काय करतो?"

"माणसांचा अभ्यास करतो."

"आणि तू?"

"मी माणसं उचलते. रुग्णालयात."

"मग तू ये," बाई म्हणाली. "हा आला तरी चालेल. पिशव्या खाली ठेवा. तिसरा मजला."

तिचं नाव इल्दे बुसेत्तो. वर घर अर्धं रिकामं झालेलं होतं. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन, खोकी दोरीने बांधलेली, मधोमध अक्रोडाचं कपाट आणि धुण्याचं यंत्र. तीन वाजता तिच्या भाच्याची, दानिलोची, सामानाची बोट दाराशी लागणार होती. दानिलोबरोबर ओझी उचलणारा जोडीदार सकाळीच कंबर धरून घरी बसला होता. इल्देबाई पाणी सोडून, समोरच्या किनाऱ्यावरच्या मेस्त्रे गावात राहायला चालल्या होत्या.

कोर्नेलचा चेहरा उजळला. "देवा रे. शेवटचा दिवस! ओतिलिया, आपण काय पाहतोय कळतंय का तुला? एक अख्खी संस्कृती जातेय. विचार ना याग्ना तिला, कसं वाटतंय. दुःख होतंय का. थांब, थांब, मोबाइल धरू दे."

याग्नाने विचारलं.

"त्याला सांग, घाम येतोय," इल्देबाई म्हणाल्या. "आणि सांग, तिकडे लिफ्ट आहे. बाल्कनी आहे. मोठी भरती आली की तळमजल्यावर उंदीर पोहत नाहीत. एकसष्ट पायऱ्या चढतेय मी, लग्न होऊन आले तेव्हापासून. मी कशाला रडू?"

"मग हे घर कुणाला दिलंत?" ओतिलियाने विचारलं, आणि याग्नाने तेही इटालियनमध्ये पोचवलं.

"एका दातांच्या डॉक्टरला. तुमच्यासारख्यांना ठेवणार आहे तो इथे. रात्रीपुरते."

हे कोर्नेलला सांगायची याग्नाला फार घाई झाली. त्याने मान डोलावली, "भयंकर आहे हे, भयंकर," असं म्हणाला, आणि खिडकीतून कालव्याचे फोटो काढायला गेला.

दानिलो आला. पन्नाशीचा, टकला, मुकाट काम करणारा माणूस. खोकी उतरू लागली. ओतिलिया बिचारी लाल होऊन चढत-उतरत होती. कोर्नेलने पहिल्या फेरीत दिव्याची टोपी नेली, दुसऱ्या फेरीत एक खुर्ची नेली आणि तिसऱ्या फेरीच्या वेळी तो जिन्याच्या भिंतीवर कुणी तरी पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ लावत उभा होता. कपाट याग्ना आणि दानिलोने उतरवलं. गुडघे वाकवायचे, पाठ नाही; वजन छातीशी घ्यायचं; हे तिला झोपेतही जमलं असतं. दानिलोने खाली टेकल्यावर तिच्याकडे एकदा पाहून फक्त "हं" केलं. एकोणीस दिवसांत तिला मिळालेली ती सगळ्यात चांगली दाद होती.

यंत्राला मात्र तिघं लागणार होती. जिना अरुंद, वळणं आंधळी. खालच्या बाजूला दानिलो आणि कोर्नेल, वर याग्ना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोर्नेलच्या खिशातून मोबाइल निसटू लागला. त्याने हात काढला. नुसता एक हात, आणि तोही क्षणभर. पण तेवढ्याने यंत्र एका बाजूला कललं आणि दानिलोची बोटं भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये सापडली. याग्नाने खांदा घातला, पाय पायरीत रुतवले आणि ते धूड ओढून धरलं. दानिलोने हात सोडवून घेतला. मोबाइलला ओरखडाही आला नव्हता, कोर्नेलने तो पकडला होता.

"मला कुणी सांगितलंच नाही हे इतकं जड असतं म्हणून!" कोर्नेल म्हणाला.

वरून इल्देबाईंनी काय झालं ते पाहिलं होतं. त्या सावकाश दहा पायऱ्या उतरल्या.

"पोरी, याला सांग, खाली जा आणि पाण्याकडे बघत उभा राहा. तेवढं त्याला जमेल."

याग्नाने सांगितलं. इतकं मन लावून भाषांतर तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. कोर्नेल खरंच खाली जाऊन उभा राहिला. त्याच्या जागी ओतिलियाने टेकू दिला आणि यंत्र उतरलं. दानिलोच्या दोन बोटांची नखं काळीनिळी झाली होती. याग्नाने हाड शाबूत असल्याची खात्री केली, बर्फ मागितला, फडक्यात गुंडाळून बांधला.

सगळं उतरल्यावर इल्देबाईंनी उरलेल्या एका खोक्यावर जेवण मांडलं. कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले मासे, पाव, दात घासायच्या पेल्यांतून गार वाइन. कोर्नेललाही वर बोलावलं, सगळ्यात शेवटी. मासे चांगले होते. याग्नाच्या मनात आलं, हिच्यासारखं असावं म्हातारपणी. कुणाची पर्वा नाही.

"इतकं चांगलं इटालियन कुठे शिकलीस?" इल्देबाईंनी विचारलं.

'इटालियन' एवढा शब्द कानावर पडताच ओतिलियाने खाली पाहिलं. तिला ठाऊक होतं. कोर्नेलला नव्हतं; याग्नाला भाषेचं अंग आहे, असंच तो सगळ्यांना सांगत आला होता.

"माझी आई मेस्त्रेला होती, सहा वर्षं. एका म्हाताऱ्याचं सगळं करायला. सुट्टीत मी यायचे."

"अच्छा!" इल्देबाई हसल्या. "माझ्या बहिणीकडेही एक पोलिश बाई होती. चोरीमारी नाही हो, तसं काही नाही. पण स्वयंपाक! भात असा करायची, की भिंतीला लावावा."

"काय नाव तिचं?"

"कोण जाणे. आम्ही 'पोलिश' म्हणायचो. पोलिश, इकडे ये. पोलिश, खिडकी लाव."

"किती वर्षं होती?"

"चार. बहीण जाईपर्यंत. तिच्या उशाशी तीच होती. आम्ही पोचलो नाही वेळेवर."

याग्नाने ताटली खोक्यावर ठेवली. तिच्या आईला त्या म्हाताऱ्याच्या घरात आन्ना म्हणत. खरं नाव जिभेला जड जातं म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी ते बदलून टाकलं होतं आणि आईनेही ते चालवून घेतलं होतं. दुपारभर याग्नाने आपला सगळा तिरस्कार कोर्नेलवर खर्च केला होता आणि या बाईसाठी काही शिल्लकच ठेवला नव्हता. आता तो उसळून वर आला.

"माझ्या आईचं नाव बोगुमिला," ती म्हणाली. "म्हणा."

"काय?"

"बोगुमिला. म्हणून दाखवा."

दानिलोने मान वर केली. कोर्नेल ओतिलियाला विचारत होता, काय चाललंय, काय चाललंय.

"मला नाही असली नावं येत, पोरी."

"तुमचं यंत्र मी खांद्यावर घेतलं. तुम्ही चार अक्षरं घ्या तोंडात."

इल्देबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांनी पेला खाली ठेवला.

"बो... बोगु..."

"मिला."

"बोगुमिला." आणि जरा थांबून, कुणी न सांगता, परत एकदा, "बोगुमिला."

त्यांनी माफी मागितली नाही. याग्नानेही आभार मानले नाहीत. दानिलोने खोकं उचललं, इल्देबाई बोटीत आपल्या खुर्चीवर सामानाच्या मधोमध बसल्या आणि मागे न बघता गेल्या.

संध्याकाळी तंबूंच्या छावणीतल्या लांब टेबलावर कोर्नेल दोन पोर्तुगीज मुलींना सांगत होता, "आम्ही एका जुन्या कुटुंबाबरोबर दिवस काढला. तिथली म्हातारी घर सोडताना रडली. मी तिचा हात धरून होतो."

"हा जिन्यात यंत्र सोडून मोबाइल धरून होता," याग्ना शांतपणे म्हणाली. "त्या माणसाची बोटं चेचली. आणि कुणी रडलं नाही."

पोर्तुगीज मुली आपापल्या बाटल्यांकडे बघू लागल्या. कोर्नेल समजूतदारपणे हसला, पण या वेळी ते नीट जमलं नाही.

ओतिलियाने तिला बाजूला ओढलं. "त्याला माणसांत उघडं पाडायची काय गरज होती?"

"खोटं बोलत होता तो."

"हो, बोलत होता! मला नाही का कळत? मला सगळं कळतं. पण तू! निघाल्यापासून नाक मुरडतेयस. तो मूर्ख, मी त्याच्या मागे लागलेली बावळट, ती म्हातारी वाईट. आणि तू कोण गं? तूही आलीसच ना आमच्याबरोबर, मुकाट, त्या बाईच्या मागे मागे? तोंड उघडलंस का एकदा तरी?"

याग्नाला ते तीन पूल आठवले. ती तंबूत शिरली आणि रागारागाने आपली पिशवी भरू लागली.

दुसऱ्या दिवशी कोर्नेल आणि ओतिलिया पुढे स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाला गेली. याग्ना वाटेत त्रिएस्तलाच उतरली, दोन दिवस एकटीच समुद्राकाठच्या दगडांवर पडून राहिली, आणि पासाचे आठ दिवस शिल्लक असताना घरी परतली. आईने विचारलं, व्हेनिस कसं होतं. याग्ना म्हणाली, "जिने फार." आईने मान हलवली आणि सूप गरम करायला घेतलं.

ओतिलियाचा फोन नोव्हेंबरमध्ये आला. कोर्नेलशी तिचं अजून चालू होतं. त्याने विद्यापीठात व्हेनिसवर निबंध वाचला होता आणि त्याला तो फार चांगला जमला होता, असं सगळे म्हणत होते. "तू आलीस तर बरं वाटेल मला," ओतिलिया म्हणाली, "शनिवारी, घरी. तो नसेल."

"किती वाजता?" याग्नाने विचारलं.